बोरवनच्या शाळेत शंभर टक्के आले

एका जंगलात, बाळांनो, एक शाळा होती, आणि त्या शाळेच्या चिंचेवर मी राहत होते. मी म्हणजे साळुंकी. घरटंच शाळेच्या डोक्यावर, त्यामुळे शाळेतलं सगळं कानावर पडायचं. मुद्दाम ऐकायला मी कधी गेले नाही. फांदीवरून जरा खाली वाकलं की पुरायचं.

एके सकाळी चिंचेखाली अस्वलीमावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. पोरांची खिचडी त्याच शिजवायच्या. तेवढ्यात माकडीण आली. तिची जुळी पोरं पहिलीत होती. ती मावशींच्या शेजारी टेकली, इकडेतिकडे बघितलं, आणि हळूच म्हणाली,

"मावशी, ऐकलंत का? आपल्या हरणीबाईंचे म्हणे दोन्ही डोळे..."

आणि घंटा झाली.

आमच्या शाळेची घंटा म्हणजे चिंचेला टांगलेला लोखंडाचा तुकडा. त्याला मधोमध तडा. वाजला की ठण्ण कमी आणि खर्र जास्त. माकडिणीचा पुढचा शब्द त्या खर्रमध्ये बुडाला.

आता तुम्हीच सांगा. डोळ्यांची बातमी असली की शेवटी शब्द दोनच येणार. आले, नाहीतर गेले. आलेले डोळे आठ दिवसांत बरे होतात. गेलेले परत येत नाहीत. माकडिणीचा चेहरा असा उतरला होता की मी म्हटलं, गेलेच.

मी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त टिटवीला विचारलं, "हरणीबाईंचे डोळे गेले, हे खरं का गं?"

दुपारपर्यंत ओढ्याच्या दोन्ही काठांना कळलं. संध्याकाळी तर बाईंना काठी टेकत जाताना पाहिलेले तिघे जण निघाले.

आता हे इथवर आलं कसं, ते पहिल्यापासून सांगते. नीट बसा. डोळे चोळू नका.

शाळेचं नाव जंगल परिषद प्राथमिक शाळा, बोरवन. पोरं एकतीस. शिक्षक दोन. एक मुख्याध्यापक बगळे सर आणि दुसऱ्या हरणीबाई. बगळे सर कचेरीत एका पायावर उभे राहून कागद लिहायचे. बाकीचं सगळं हरणीबाई करायच्या.

हरणाचे डोळे कसे असतात ते तुम्हाला मी काय सांगू. हरणीबाईंचे त्याहून चांगले. फळ्यावर लिहिता लिहिता मागच्या ओळीत कोण कुणाची बोरं खातंय ते त्यांना दिसायचं. शाळा सुटली की पोरांना ओढ्यापलीकडे सोडायलाही त्याच जायच्या. तिकडे उंच गवत. त्यात बिबट्या बसलाय की नुसतं गवतच आहे, हे लांबून फक्त बाईंना कळायचं. आयाबाया म्हणायच्या, बाईंचे डोळे आहेत म्हणून आमची पोरं आहेत.

त्या वर्षी वरून एक फर्मान आलं. केंद्रप्रमुख गवासाहेबांनी अखंड हजेरी मोहीम काढली. जी शाळा महिनाभर शंभर टक्के हजेरी ठेवील, तिला पितळेची नवी घंटा.

बगळे सर एका पायावर तयार झाले. तसे ते असायचेच.

त्याच महिन्यात स्वच्छ हात पंधरवडाही होता. सरांनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, हात धुवा. शेजारी पाण्याचं मडकं ठेवलं. मडक्याशेजारी खिळ्याला एक पंचा टांगला. पोरं रांगेत उभी राहायची, हात धुवायची आणि एकामागून एक त्या पंच्याला पुसायची. हात पुसून झाले की तोंड पुसायची. एकतीस पोरं, एक पंचा. सरांनी त्याचं चित्र काढून घेऊन साहेबांना पाठवलं. साहेबांनी शेरा दिला, उत्तम.

पहिल्यांदा डोळे आले ते कापशीचे. कापशी म्हणजे सशाची पोर. सशाचे डोळे मुळातच लाल, त्यामुळे चार दिवस कुणाला कळलंच नाही. पाचव्या दिवशी तिच्या पापण्या चिकटल्या. हरणीबाईंनी तिला उचललं आणि कचेरीत नेलं.

"सर, हिचे डोळे आलेत. घरी पाठवते."

बगळे सरांनी हजेरीचं पान उघडलं. "बाई, इथे रकाने दोनच आहेत. आले आणि नाही आले. घरी पाठवलीत तर नाही आले."

"अहो, पण डोळे आलेत तिचे."

"तेच म्हणतोय मी. आलेच ना? काय आलं, ते वर कुणी विचारत नाही."

कापशी वर्गात जाऊन बसली. पाटी पुसायला तिनं शेजाऱ्याचं फडकं घेतलं.

हरणीबाईंनी त्या दुपारी मला हाक मारली. "साळुंके, एवढा निरोप नेशील का?" ओढ्याच्या टोकाला आरोग्याचं उपकेंद्र होतं. तिथे कासवीण सिस्टर होत्या. मी अर्ध्या तासात पोचले. सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या,

"ज्याचे डोळे आले त्याला घरी ठेवा. पंचा काढून टाका. ज्याचं फडकं त्यानं वापरायचं. डोळ्यांना हात लावू नका. मी औषध घेऊन निघतेच."

आणि त्या लगेच निघाल्या, बरं का. त्यांच्याकडून क्षणाचाही उशीर झाला नाही. फक्त वाट लांब होती आणि त्या कासवीण होत्या. उपकेंद्राला तेवढी एकच जागा मंजूर होती.

मी परत येऊन सरांना निरोप सांगितला. सर म्हणाले, "लेखी आहे का?"

"लेखी नाही. पण सिस्टरनी स्वतः सांगितलंय."

"मग पक्ष्याच्या तोंडी निरोपावर मी पंचा कसा काढू? पंचा साहेबांकडच्या चित्रात आहे."

आठवडाभरात सहा पोरांचे डोळे आले. मग अकरा. माकडिणीची जुळी दोघं एकाच दिवशी साथीत सापडली, चार डोळे एकदम. ती तणतणत शाळेत आली.

"सर, माझी पोरं मी घरी ठेवणार. आणि सांगून ठेवते, हे कशानं होतंय ते मला माहीत आहे. डोळे आलेल्याच्या डोळ्यांत बघितलं की डोळे येतात. माझी सासू सांगायची."

सरांना ते एकदम पटलं. कारण त्यासाठी पंचा काढावा लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर नवी सूचना लागली. कुणीही कुणाच्या डोळ्यांत बघू नये. पोरांनी एकमेकांकडे पाठ करून बसावं. शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून शिकवावं.

हरणीबाई म्हणाल्या, "सर, बघितल्यानं नाही येत. लावल्यानं येतात. तो पंचा..."

"बाई, माझ्याकडे बघून बोलू नका," सर म्हणाले.

तर वर्ग असा भरायला लागला. पोरं भिंतींकडे तोंड करून पाढे म्हणायची. बाई दिवसभर फळ्याला नाक लावून उभ्या. खडूची पूड सगळी डोळ्यांत. आणि मधल्या सुट्टीत सगळी पोरं रांगेनं, एकमेकांकडे अजिबात न बघता, त्याच पंच्याला तोंड पुसायची.

माकडिणीचं बघून बाकीच्या आयाही पोरांना घरी ठेवायला लागल्या. एका सोमवारी वर्गात मोजून बारा पोरं. आता हजेरी कळवायची होती. मला वाटलं, गेली घंटा.

बगळे सर खूप वेळ एका पायावर उभे राहिले. मग दुसऱ्या पायावर. मग त्यांनी बाईंना बोलावलं.

"बाई, वर्गात किती आले?"

"बारा."

"आणि डोळे किती जणांचे आले?"

"एकोणीस जणांचे. ते घरी आहेत."

"बारा आले. एकोणीस आले." सरांनी कागदावर लिहिलं. "आले एकतीस. शंभर टक्के."

हरणीबाई बघतच राहिल्या. म्हणजे फळ्याकडे.

"सर, हे खोटं आहे."

"यातला कुठला शब्द खोटा आहे, तेवढा दाखवा."

बाईंना दाखवता येईना. मीही फांदीवर बसून खूप विचार केला. मलाही दाखवता येईना. पुढच्या आठवड्यात सात आले आणि चोवीस आले. बेरीज तीच. शाळा जितकी आजारी पडेल तितकी सरांची काळजी कमी व्हायला लागली. आजारी पोर हे एकदम भरवशाचं पोर. त्याचे डोळे आले म्हणजे आलेच. धडधाकट पोराचं काही सांगता येत नाही. ते मामाच्या गावालाही जाईल.

आणि मग हरणीबाईंचे डोळे आले.

सकाळी उठल्या तर दोन्ही पापण्या मिटलेल्या. गवतावरचं दव लावून त्यांनी त्या सोडवल्या आणि कशाबशा कचेरीत आल्या.

"सर, मला चार दिवस रजा द्या. डोळ्यांत भाला घातल्यासारखं होतंय."

"बाई, पोरांच्या हजेरीत आले लिहून भागतं. शिक्षकांच्या मस्टरवर सही लागते. तुमच्या डोळ्यांना सही करता येत असेल तर त्यांना पाठवा, तुम्ही घरी बसा."

"सर, मी हरीण आहे हो. माझं सगळं डोळ्यांवर आहे."

"आठ दिवस राहिलेत महिन्याचे. पितळेची घंटा आहे बाई. पिढ्यान्‌पिढ्या वाजेल."

बाईंनी चाचपडत सही केली. ती सरांच्या रकान्यात पडली. सर म्हणाले, चालेल.

ज्या सकाळी घंटेनं माकडिणीचा शब्द खाल्ला, ती हीच सकाळ. मघाशी सांगितलं ते.

मग काय. ओढ्यावर सगळे म्हणत होते की बाईंचे डोळे गेले, आणि बाई शाळेत येत होत्या. त्यामुळे लोकांना त्यांचं फार कौतुक वाटायला लागलं. घोरपड म्हणाली, "डोळे गेले तरी एक दिवस खाडा नाही. याला म्हणतात शिक्षक." बगळे सरांनी ते ऐकलं आणि खाडन केलं नाही. नव्हे, चूक झाली, खंडन केलं नाही. खाडा तर त्यांनी कुठंच होऊ दिला नाही.

त्या आठ दिवसांत बाई रोज फळ्याला नाक लावून उभ्या राहिल्या. डोळे चोळायच्या, हाताला खडू. परत चोळायच्या. संध्याकाळी उरलेली पाचसात पोरं ओढ्यापलीकडे सोडायच्या. एक दिवस वाळलेल्या गवताला बिबट्या समजून त्यांनी पोरांना अर्धा तास खाली बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बिबट्याला गवत समजल्या आणि त्याच्या शेपटीवरून सगळी रांग नेली. सुदैवानं त्याचेही डोळे आले होते.

मी वरून हे बघितलं आणि माझा जीव अर्धा झाला. सरांना जाऊन सांगितलं. सर डोळे मिटून उभे होते. म्हणाले, "ध्यानात आहे मी." चार दिवस ते ध्यानातच होते. पापण्यांतून पाणी गळत होतं. सगळ्यांना वाटलं, केवढी भक्ती.

अस्वलीमावशी खिचडी ढवळता ढवळता एवढंच म्हणाल्या, "ह्यांचेपण आलेत."

महिना संपला. गवासाहेब घंटा द्यायला आले. पितळेची घंटा त्यांनी स्वतःच्या गळ्यात बांधून आणली होती, त्यामुळे ते येत असल्याचं तीन डोंगर आधी कळलं. सरांनी घरोघर निरोप धाडला की आज सगळ्यांनी यायचं, डोळ्यांसकट. एकतीसच्या एकतीस पोरं आली. चिकट पापण्यांची, सुजलेल्या डोळ्यांची, भिंतीकडे तोंड करून एका ओळीत बसली.

"पोरं माझ्याकडे पाठ करून का बसलीयेत?" साहेबांनी विचारलं.

"आदरानं, साहेब," बगळे सर म्हणाले.

साहेबांचा सत्कार करायचा होता. नारळाच्या जागी कवठ मिळालं. शाल कुठून आणायची? सरांनी इकडेतिकडे बघितलं. मग खिळ्यावरचा पंचा काढला, हळदीच्या पाण्यात बुडवला, झटकला, आणि साहेबांच्या खांद्यावर घातला.

हरणीबाई पुढे झाल्या. "साहेब, तो पंचा..."

"बाई भावनावश झाल्यात," सर म्हणाले. "शाळेतला पंचा आहे साहेब. एकतीस पोरांचा हात लागलेला."

साहेबांना गहिवरून आलं. ऊन होतं, घाम आला होता. त्यांनी पंच्याच्या एका टोकानं कपाळ पुसलं. दुसऱ्या टोकानं डोळे टिपले. मग तासभर अखंड हजेरीवर बोलले. म्हणाले, हरणीबाईंसारखे शिक्षक असतील तर हे जंगल कुठल्या कुठे जाईल.

तिसऱ्या दिवशी साहेबांचे डोळे आले.

त्याच दुपारी फर्मान निघालं. तातडीचं म्हणून ससाण्याच्या पायाला बांधून आलं. जंगलात डोळ्यांची अत्यंत गंभीर साथ असून सर्व शाळा आठ दिवस बंद. शाळांतले सगळे पंचे जाळून टाकावेत. ज्याचे डोळे आले त्यानं घरीच थांबावं, पूर्ण विश्रांती घ्यावी, खडू, धूळ, ऊन टाळावं. कुणावरही हजेरीची सक्ती करू नये. आणि कासवीण सिस्टर वाटेत जिथे असतील तिथून त्यांना उचलून आणावं.

सिस्टर शाळेपासून दीड कोसावर सापडल्या. दोन रानडुकरांनी त्यांना आणून चिंचेखाली ठेवलं. औषधाची पिशवी पाठीवरच होती.

"मी निघाले तेव्हा एकाच पोरीचे आले होते," त्या म्हणाल्या.

एकेकाच्या डोळ्यांत थेंब पडायला लागले. पोरं चौथ्या दिवशी टुणटुणीत झाली. कापशीचे डोळे लालच राहिले, पण ते तिचे मूळचे. बगळे सरांचं ध्यान कायमचं सुटलं. हरणीबाई सगळ्यांत शेवटी बसल्या होत्या. सिस्टरनी त्यांची मान वर केली आणि बराच वेळ बघितलं.

"उजवा येईल बरा. डाव्याच्या बुबुळावर फूल पडलंय, बाई."

"पुसलं जाईल ना?"

सिस्टर पिशवीचं तोंड बांधत राहिल्या. "पहिल्या दिवशीच घरी बसायला हवं होतं तुम्ही."

"सही होती," हरणीबाई म्हणाल्या.

बगळे सर दारातच उभे होते. दोन्ही पायांवर. मी त्यांना तसं उभं राहिलेलं पहिल्यांदाच बघितलं. मग ते आत गेले.

शाळा पुन्हा भरायला लागली. नवी घंटा टांगली. आवाज खणखणीत आहे, ओढ्यापलीकडे जातो. आता पंचा नाही, पोरं आपापलं फडकं आणतात. हात धुवा हे भिंतीवर तसंच आहे. हजेरीचे रकाने दोनच आहेत. एका दुपारी हरणीबाईंनी कोळशानं तिसरी रेघ ओढली होती आणि वर लिहिलं होतं, बरं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुसलेली होती. कुणी पुसली ते मला दिसलं नाही, आणि मला सहसा दिसतं.

संध्याकाळी बाई अजूनही पोरांना सोडायला जातात. आता माकडिणीची जुळी दोघं त्यांच्या डाव्या बाजूनं चालतात. एक जण गवताकडे बघत आणि दुसरा बाईंकडे. कुणी त्यांना तसं सांगितलेलं नाही.

परवा माकडीण चिंचेखाली आली, तेव्हा मी खाली उतरले. म्हटलं, विचारूनच टाकावं.

"त्या दिवशी घंटा झाली तेव्हा तू काय म्हणत होतीस गं? बाईंचे दोन्ही डोळे... पुढे काय?"

"आले, म्हणत होते. दोन्ही डोळे आले, बाईंना जरा घरी बसवा म्हणावं सरांना. मावशींना तेच सांगायला आले होते." ती माझ्याकडे बघून थांबली. "गेले कोण म्हणालं होतं?"

मी पंख साफ करायला लागले.

अस्वलीमावशींनी तांदळातला खडा काढला आणि बाजूला टाकला. "कशाला भांडताय," त्या म्हणाल्या. "एक हिचा खरा झाला. एक तुझा."

तात्पर्य : शाळेत साथ आली, तर पोरांना घरी ठेवू नये, औषधाची वाट बघू नये, बाईंचं तर अजिबात ऐकू नये. आधी साहेबांचा सत्कार करावा. आणि शाल नवी आणू नये.